जेवणानंतरचे दोन तास: आतड्याचा रक्तप्रवाह, साखरेचं शोषण आणि आपण काय करायचं

जेवण झाल्यावर शतपावली करावी की वामकुक्षी घ्यावी, हा वाद मुंबईतल्या कितीतरी घरांत सुट्टीच्या दुपारी रंगतो. दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ते वेगवेगळ्या माणसांना लागू पडतं. कोणाला काय लागू पडतं हे ठरवायचं असेल, तर जेवणानंतर आतड्याकडे जाणारं रक्त आणि त्या रक्तात उतरणारं ग्लुकोज यांचं नातं समजून घ्यावं लागतं.

हा लेख लिहायला बसलो त्याचं कारण एक गैरसमज. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक असे प्रश्न घेऊन येतात. हल्ली वारंवार ऐकू येतं ते असं: ‘जेवल्याबरोबर जोरात चाललं की पोटातलं रक्त पायांत जातं, मग साखर शोषलीच जात नाही, म्हणून डायबेटिसवाल्यांनी जेवण झाल्या झाल्या पळावं.’ या वाक्यातला पहिला भाग अर्धा खरा आहे आणि शेवटचा सल्ला चुकीचा. चालण्याने साखर खाली येते, पण ती आतड्याचं रक्त तोडल्यामुळे नाही. आतड्याचा रक्तपुरवठा ही तोडायची गोष्ट नव्हे. तो सांभाळायचा असतो, आणि साखर रक्तात कोणत्या वेगाने उतरते यावर लक्ष ठेवायचं असतं.

आधी आत काय चालतं ते बघू

पोळी, भात, साबुदाणा, पाव यांतला स्टार्च लहान आतड्यात फुटून त्याचं ग्लुकोज होतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे लक्षावधी उंचवटे असतात. डॉक्टरी भाषेत त्यांना व्हिलाय म्हणतात. या उंचवट्यांमुळे आणि त्यांच्यावरच्या आणखी बारीक उंचवट्यांमुळे आतड्याचं आतलं क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे ३२० चौरस फुटांच्या आसपास भरतं.

ग्लुकोज या उंचवट्यांवरच्या पेशीत दोन टप्प्यांत शिरतं आणि बाहेर पडतं. आत घेण्याचं काम एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन करतं. ते ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत ओढतं. पेशीत आलेलं सोडियम मागच्या बाजूने सतत बाहेर फेकावं लागतं. ते काम करणारा पंप ऊर्जेवर चालतो, आणि ऊर्जेसाठी ऑक्सिजन लागतो. पेशीत साठलेलं ग्लुकोज मग जीएलयूटी-२ या दुसऱ्या प्रथिनातून मागच्या बाजूला, केशवाहिन्यांकडे उतरतं. हा दुसरा टप्पा ऊर्जा मागत नाही. पेशीत ग्लुकोज जास्त आणि बाहेर कमी, एवढा फरक असला की तो चालू राहतो.

म्हणजे रक्तप्रवाह इथे दोन कामं करतो. एक, पंपाला ऑक्सिजन पुरवतो. दोन, बाहेर आलेलं ग्लुकोज वाहून नेतो, म्हणजे मागच्याला उतरायला जागा होते. संध्याकाळी दादरचा फलाट डोळ्यांसमोर आणा. पुलावरून माणसं उतरतच असतात. गाड्या वेळेवर असल्या तर फलाट रिकामा होत राहतो आणि जिन्यावर कोणी अडकत नाही. गाड्या रखडल्या की फलाट भरतो, मग जिना तुंबतो, मग पूल. पण आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: गाड्या गरजेपेक्षा जास्त सोडल्या म्हणून पुलावरून येणारी माणसं वाढत नाहीत, कारण तेव्हा जिन्याची रुंदी आडवी येते.

आतड्यातही तसंच होतं. रक्तप्रवाह नेहमीच्या पातळीवर असताना तो थोडा वर-खाली झाला तरी ग्लुकोजच्या शोषणात फारसा फरक पडत नाही, कारण तेव्हा मर्यादा वाहक प्रथिनांची असते. प्रवाह बराच खाली गेला की मात्र शोषण मंदावतं. आधी वाहून नेणं कमी पडतं, मग ऑक्सिजनअभावी पंप थकतो. सगळ्यात आधी झळ बसते ती उंचवट्यांच्या टोकांना. वर जाणारी आणि खाली येणारी रक्तवाहिनी शेजारी शेजारी असल्याने ऑक्सिजन वाटेतच एकीतून दुसरीत निसटतो आणि टोकापर्यंत कमी पोचतो.

रक्त किती जातं, कधी जातं

शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं. त्यातला पाव हिस्सा पोटातल्या अवयवांकडे जातो. लहान आतड्याला मुख्य पुरवठा करणाऱ्या धमनीतून उपाशीपोटी मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त वाहतं. जेवल्यावर ते दुप्पट-तिप्पट होतं. वाढ जेवण सुरू झाल्यावर काही मिनिटांतच दिसू लागते, अर्ध्या ते एका तासात शिखर गाठते आणि दोन-तीन तासांत ओसरते. पिष्टमय जेवणाने ती लवकर चढते, तुपातेलाच्या जेवणाने सावकाश चढते आणि जास्त वेळ टिकते.

ही वाढ कोण घडवतं? बरंचसं अन्नच. आतड्याच्या ज्या भागात ग्लुकोज पोचतं त्या भागातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. काम वाढलं की पेशी ऑक्सिजन जास्त वापरतात, अॅडिनोसिनसारखे पदार्थ तयार होतात, जीएलपी-२ सारखी आतड्याची संप्रेरकं सुटतात आणि वाट मोकळी होते. म्हणजे ग्लुकोज स्वतःसाठी रक्त मागवून घेतं.

आतड्यातून निघालेलं हे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. पोर्टल व्हेनमधून ते आधी यकृतात जातं. यकृत आलेल्या ग्लुकोजचा साधारण एक तृतीयांश भाग स्वतःकडे ठेवतं आणि उरलेलं पुढे सोडतं. बोट टोचून ग्लुकोमीटरवर दिसतो तो आकडा या उरलेल्याचा, आणि स्नायूंनी त्यातलं किती उचललं याचा.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पायरी १: ताटापासून सुरुवात

निरोगी माणसात जेवणानंतरची साखर किती चढेल हे बऱ्याच अंशी ठरतं जठर किती वेगाने रिकामं होतं यावर. जठर अन्न मोजून मापून पुढे ढकलतं, मिनिटाला साधारण १ ते ४ किलोकॅलरी. पातळ गोड पदार्थ भराभर उतरतात. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि चोथा सोबत असला की वेग कमी होतो.

म्हणून ताट तेच ठेवा, क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा मासे, अंडं, पनीर जे असेल ते. मग भाजीबरोबर पोळी किंवा भाकरी. भात शेवटी. आपल्याकडे पंगतीत पहिला वाढतात तो वरण-भात, आणि त्या पहिल्या गरम घासाचं सुख मलाही सोडवत नाही. पण ज्यांची जेवणानंतरची साखर चढते त्यांनी रोजच्या जेवणात तरी हा क्रम उलटा करून पाहावा. प्रथिनं आणि भाज्या आधी खाल्ल्यावर तेवढ्याच पिष्टमय पदार्थांनी साखर कमी चढते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

उपवासाच्या दिवशी हेच उलटं घडतं. संकष्टीला दिवसभर पोट रिकामं, मग चंद्रोदयानंतर साबुदाण्याची खिचडी, वर बटाटा, वर गोड दही. जवळजवळ सगळा स्टार्च. ज्यांना सवय सोडायची नाही त्यांनी निदान दाण्याचं कूट सढळ ठेवावं, साखर घातलेल्या दह्याऐवजी काकडीची दह्यातली कोशिंबीर आधी खावी आणि खिचडीची वाटी लहान घ्यावी.

पायरी २: शतपावली, पण कशी

जेवण संपल्यावर १५ ते ३० मिनिटांच्या आत उठा आणि १० ते १५ मिनिटं चाला. बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे. शिवाजी पार्कचा कट्टा, फाइव्ह गार्डन्स, सोसायटीचं आवार, पावसाळ्यात इमारतीचा लांब पॅसेज, कुठेही चालतं.

या वेगात आतड्याचा रक्तप्रवाह फारसा कमी होत नाही आणि शोषण चालूच राहतं. फरक पडतो तो दुसऱ्या टोकाला. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता जीएलयूटी-४ ही वाहक प्रथिनं पृष्ठभागावर आणतो आणि रक्तातलं ग्लुकोज उचलू लागतो. आतड्यातून ग्लुकोज येतंय आणि मांड्या-पोटऱ्या ते वापरतायत, असं चालू असताना शिखर बुटकं राहतं.

मग जोरात पळाल्याने जास्त फायदा का होत नाही? जोराच्या व्यायामात सिंपथेटिक मज्जासंस्था पोटातल्या रक्तवाहिन्या आवळते. अगदी दमछाक होण्याइतक्या श्रमात पोटातल्या अवयवांचा रक्तप्रवाह निम्म्याहून खूप खाली, कधी ८० टक्क्यांपर्यंत कमी होतो. शोषण मंदावतं हे खरं. पण न शोषलेलं अन्न नाहीसं होत नाही. कित्येक फूट आतडं पुढे शिल्लक असतं. थांबून श्वास जाग्यावर आला की राहिलेलं शोषण सुरू होतं. दरम्यान अॅड्रिनलिनमुळे यकृत स्वतःजवळचं ग्लुकोज रक्तात सोडतं, त्यामुळे साखर उलट वर जाऊ शकते. वर मळमळ, कुशीत चमक, पोटात कळ. डबा खाऊन लोकल पकडायला जिने चढत पळालेल्या कोणालाही ही चमक ओळखीची असेल.

सल्फोनिलयुरिया गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर चालण्याने फार खाली जाऊ शकते, म्हणून त्यांनी चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं आणि खिशात ग्लुकोज ठेवावं.

पायरी ३: स्वतःवर मोजून पाहा

ग्लुकोमीटर घरात असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी एकच जेवण घ्या. तेवढाच भात, तेवढंच वरण, तीच भाजी, तीच वेळ. एका दिवशी जेवून बसून राहा, दुसऱ्या दिवशी १५ मिनिटं चाला. दोन्ही दिवशी जेवणाआधी, पहिल्या घासापासून १ तासाने आणि २ तासांनी मोजा. वेळ पहिल्या घासापासून धरायची, हात धुतल्यापासून नव्हे. पीपी, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेच्या, तपासणीतही हाच नियम असतो आणि बरेच जण नेमके इथे चुकतात.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा सोललेल्या बोटावर राहिलेला रसाचा अंश आकडा भलताच फुगवतो, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला तरी पुरेसा जात नाही. बोटाच्या टोकावर न टोचता बाजूला टोचा, दुखतंही कमी.

आणि दहा-पंधराच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. घरगुती यंत्राच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य धरलेला आहे. १६० आणि १७० ही त्या यंत्राच्या दृष्टीने एकच गोष्ट. २१० आणि १६० मध्ये मात्र काहीतरी आहे, आणि तेही प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावरच खात्रीने म्हणता येईल. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणानंतर डेसिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या खाली हे उद्दिष्ट धरतात, पण तुमचं उद्दिष्ट तुमचे डॉक्टर ठरवतील.

लॅबमध्ये ग्लुकोज पिऊन बसवतात तेव्हा

ग्लुकोज टॉलरन्स टेस्टसाठी किमान ८ तास उपाशी राहून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच मिनिटांत प्यायचं असतं आणि २ तासांनी रक्त द्यायचं असतं. २०० किंवा जास्त असेल तर मधुमेहाकडे बोट, १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर. हे दोन तास बसूनच काढायचे असतात. वर सांगितलेलं सगळं आता उलटं लावून बघा: या वेळात स्टेशनपर्यंत फेरफटका मारलात तर स्नायू ग्लुकोज उचलतील आणि आकडा खोटा चांगला दिसेल. सिगारेट, चहा, कामाच्या फोनवरची घालमेल, हे सगळं टाळायचं. उलटी झाली तर लपवू नका, चाचणी पुन्हा करावी लागते. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा. परीक्षेच्या भीतीने भात-पोळी बंद करून गेलात तर शरीर पिष्टाला सरावलेलं नसतं आणि आकडा उगाच चढा येतो.

गरोदरपणात आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी एकच तपासणी करतात, उपाशी असण्याची अट न ठेवता. तिथे १४० पासूनच गरोदरपणातला मधुमेह धरतात. बसून राहण्याचा नियम तिथेही तोच.

घरातल्या ज्येष्ठांसाठी: इथे वामकुक्षी जिंकते

जेवणानंतर आतड्याकडे मिनिटाला लिटरभर जास्तीचं रक्त वळलं, तर बाकीच्या शरीरासाठी रक्तदाब कोण सांभाळतो? हृदय थोडं जोरात धडधडतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. तरुणपणी हे आपोआप होतं. उतारवयात, मधुमेहाने नसा कमजोर झाल्यावर किंवा पार्किन्सन्समध्ये ही जुळवाजुळव कमी पडते आणि जेवणानंतर रक्तदाब घसरतो. जेवल्यापासून दोन तासांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ती दखल घेण्याजोगी घसरण.

माझी आत्या गिरगावात राहते, वय ऐंशीच्या पुढे. दुपारी जेवून उठली की तिला अंधारी यायची. घरच्यांनी साखर तपासली, कान तपासले, मानेचा एक्स-रे काढला. एका रविवारी मी तिच्याशेजारी बीपीचं यंत्र घेऊन बसलो. जेवणाआधी वरचा आकडा १४२. आमटी-भात, बटाट्याची भाजी, वाटीभर शिरा. पाऊण तासाने ११४. ती म्हणाली, “आता उठले ना, की येईल बघ.” आणि उठली तशी खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. बीपीची गोळी ती जेवणाच्या आधी दहा मिनिटं घ्यायची. गोळीची वेळ तिच्या डॉक्टरांनी बदलली, शिरा रविवारच्या संध्याकाळी गेला, वाटी लहान झाली आणि अंधारी बरीच कमी झाली.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर हे करा. जेवणाआधी पाच मिनिटं शांत बसवून बीपी घ्या. मग जेवण संपल्यावर १५, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी घ्या, त्याच हातावर, बसूनच. कागदावर वेळ, आकडा, काय खाल्लं आणि कोणती गोळी कधी घेतली ते लिहा. हा कागद डॉक्टरांच्या हाती द्या. दवाखान्यात सकाळी अकराला घेतलेल्या बीपीत ही घसरण सहसा सापडत नाही.

उपाय साधे आहेत. जेवण लहान आणि जास्त वेळा. गोड आणि मैदा कमी, कारण ग्लुकोज जितक्या भराभर आतड्यात उतरतं तितकी घसरण मोठी. जेवणाआधी दीड-दोन भांडी पाणी, साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर, मात्र हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर विचारल्याशिवाय नाही. जेवणानंतर तासभर तरी बसणं किंवा आडवं होणं, आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही किंवा पुढे-मागेही करायची नाही.

मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये जास्त जपा. उकाड्यात त्वचा स्वतःला थंड करण्यासाठी रक्त मागते, आतडं त्याच वेळी जेवणासाठी मागतं. लग्नाच्या पंगतीतून उठून आजोबांना भर दुपारी गर्दीच्या डब्यात उभं करू नका.

धावणाऱ्यांसाठी

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे एक तक्रार हमखास सांगतात: सी लिंकपर्यंत सगळं ठीक, पेडर रोडच्या चढावर पोट ढवळतं. सूर्य वर आलेला असतो, हवेत दमटपणा असतो, पाय आणि त्वचा दोघं रक्त मागत असतात. आतड्याच्या वाट्याला उरतं ते थोडं. अशा वेळी एकदम घट्ट गोड जेल पाण्याशिवाय गिळलं तर ते आतड्यात पडून राहतं आणि उलट शरीरातलं पाणी आत ओढतं.

भरपेट जेवण धावण्याच्या तीन-चार तास आधी आटपा. दीड-दोन तासांहून लांब धावायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, थोडी थोडी करून, पहिल्या तासापासूनच. पेयात लिटरला ६० ते ८० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, यापेक्षा गोड नको. नुसत्या ग्लुकोजची तासाला ६० ग्रॅमच्या आसपास मर्यादा येते, कारण एसजीएलटी-१ भरून जातं. फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा, जीएलयूटी-५. म्हणून दोन्ही एकत्र घेणारे सरावलेले धावपटू ९० ग्रॅमपर्यंत जातात. हे आतड्याला सरावाने जमतं, म्हणून लांब पल्ल्याच्या रविवारच्या सरावातच खाण्यापिण्याचा सराव करा, शर्यतीच्या दिवशी नवीन जेल उघडू नका.

गुडघा दुखू नये म्हणून आयब्युप्रोफेनची गोळी घेऊन धावायला उतरणं मात्र खरंच घातक आहे. आधीच रक्त कमी मिळणाऱ्या आतड्याच्या अस्तराला ती आणखी इजा करते.

जुलाब-उलट्यांमध्ये

पावसाळ्यात मुंबईत घरोघर गॅस्ट्रो असतो. शरीरातलं पाणी गेल्यामुळे आतड्याचा रक्तप्रवाह कमी झालेला असतो, तरी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत नेणारं एसजीएलटी-१ बहुतेक वेळा काम करत राहतं आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं. ओआरएस याच आधारावर उभं आहे. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत ही जोडीची कल्पना मांडली, आणि १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी कॉलराच्या रुग्णांना प्यायला दिलं. सुमारे ३० टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण तिथे ४ टक्क्यांच्या खाली आलं.

पुडी महापालिकेच्या दवाखान्यात मिळते. विकत घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे ना ते बघा: लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत. पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या पाण्यात घट्ट केली तर जुलाब वाढतात. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने सुरू करा. मूल सुस्त झालं, लघवी थांबली, हातपाय गार पडले तर चमच्यात वेळ घालवू नका. तेव्हा रक्तप्रवाह इतका घटलेला असतो की सलाइनच लागतं.

साखर अचानक उतरली तर

७० च्या खाली आकडा आणि माणूस शुद्धीवर असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, बसवा, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ग्लुकोज गिळून आतड्यात पोचावं लागतं, ते जिभेखाली ठेवण्यावर विसंबू नका. चॉकलेट किंवा पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशाने जठर रेंगाळतं. व्होग्लिबोस किंवा अकार्बोस या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना साधी साखर उशिरा लागू पडते, कारण तिचं विघटनच त्या गोळीने रोखलेलं असतं. त्यांना ग्लुकोजच हवं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

हे दिसलं तर थांबू नका

दर जेवणानंतर अर्ध्या-एक तासात पोटाच्या मध्यभागी दुखतं, दोन-तीन तासांनी थांबतं, त्या भीतीने माणूस खाणं कमी करतो आणि वजन उतरतं, अशी तक्रार असेल तर आतड्याच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात. तंबाखू ओढणाऱ्या, हृदयविकार असलेल्या साठीपुढच्या माणसात हा विचार आधी यायला हवा. अॅसिडिटीची गोळी खात महिने घालवतात लोक. डॉक्टरांना ‘पोट दुखतं’ एवढंच सांगू नका, ‘जेवल्यावर दुखतं आणि वजन उतरलंय’ असं सांगा. मग ते धमन्यांचं सीटी अँजिओ किंवा डॉप्लर करायचं की नाही ते ठरवतील.

आणि पोटात अचानक असह्य कळ, पण दाबून पाहिलं तर पोट मऊ, विशेषतः ज्याच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात अशा माणसात, म्हणजे धमनीत गुठळी अडकल्याची शक्यता. आतडं काही तासांतच निकामी होऊ लागतं. केईएम, सायन, नायर, कूपर, जे जवळ असेल त्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, आणि दारातच सांगा की ठोके अनियमित आहेत, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे की बंद केली आहे, आणि कळ किती वाजता सुरू झाली.